वाचकांचे प्रश्न : खेळ हौशी, आठवडा मात्र पूर्णवेळ

आयर्लंडमधील गेलिक फुटबॉल (हात आणि पाय दोन्हींनी खेळायचा चेंडूचा खेळ) आणि हर्लिंग (काठीने चेंडू मारायचा खेळ) या देशी खेळांविषयी मागे या सदरात एक टिपण आले होते. अंतिम सामन्याला डब्लिनच्या क्रोक पार्कवर 80,000 हून अधिक प्रेक्षक जमतात, तरीही मैदानावर उतरणाऱ्या एकाही खेळाडूला त्याबद्दल मानधन मिळत नाही, असे त्यात म्हटले होते. त्यावर आलेल्या पत्रांत कौतुकापेक्षा शंका अधिक आहेत. शिवाय बहुतेक पत्रे नामवंत खेळाडूंविषयी नसून गावच्या क्लबकडून खेळणाऱ्या, वर्तमानपत्रात ज्याचे नाव क्वचितच येते अशा खेळाडूविषयी आहेत. त्यांतील सहा पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : मी गॉलवे येथे एका संगणक कंपनीत नोकरी करतो. माझा एक आयरिश सहकारी गावच्या क्लबकडून गेलिक फुटबॉल खेळतो. तो काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, संघात कधीच नव्हता. तरीही मंगळवारी आणि गुरुवारी सायंकाळी सराव, शनिवार-रविवारी सामना किंवा पुन्हा सराव, मधले दोन दिवस व्यायामशाळा, आणि झोप किती झाली, अंग किती दुखते याची रोज सकाळी मोबाइलवर नोंद, असा त्याचा क्रम जानेवारीपासून चालू आहे. एवढे सगळे विनामूल्य कशासाठी, आणि हे ठरवले कोणी?

उत्तर : हे कोणी बैठक घेऊन ठरवलेले नाही, ते वर्षानुवर्षे साचत गेले आहे, आणि म्हणूनच ते कमी कोणी करायचे, याचेही उत्तर कोणाकडे नाही.

आधी रचना पाहू. गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजेच जीएए, ही संस्था 1 नोव्हेंबर 1884 रोजी टिपररी काउंटीतील थर्ल्स येथे एका हॉटेलात स्थापन झाली. आज तिच्याशी आयर्लंड बेटावरच्या 32 काउंट्यांमधील 2,200 हून अधिक क्लब जोडलेले आहेत. क्लब हा बहुधा एका पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या पंचक्रोशीचा असतो, आणि ज्या पॅरिशमध्ये आपण वाढलो तिच्यासाठीच खेळायचे, ही रीत अजून बऱ्याच अंशी टिकून आहे. खेळाडूंची खरेदी-विक्री होत नाही, आणि क्लब बदलायचा तर रीतसर परवानगी घ्यावी लागते. या क्लबांतून निवडलेले खेळाडू आपापल्या काउंटीच्या संघात जातात, आणि दूरदर्शनवर दिसतात ते हेच मोजके खेळाडू. ढोबळ हिशोब मांडला तर प्रत्येक क्लबमागे 25 प्रौढ खेळाडू धरले, तरी संख्या 55,000 च्या घरात जाते. काउंट्यांच्या वरिष्ठ संघांत मात्र सगळे मिळून दोन-अडीच हजारांपलीकडे खेळाडू नसतात.

काउंटीच्या खेळाडूवर पडणाऱ्या भाराची मोजणी झालेली आहे. डब्लिनच्या इकॉनॉमिक अँड सोशल रिसर्च इन्स्टिट्यूटने 2018 मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. 2016 च्या हंगामात वरिष्ठ काउंटी खेळाडू आठवड्याला 31 तासांपर्यंत वेळ या खेळासाठी देत होते, असे त्यात आढळले. हा वेळ पूर्णवेळ नोकरी किंवा शिक्षण सांभाळून दिलेला होता. तो बहुतांशी झोप, विश्रांती आणि घरच्यांच्या वाट्यातून काढला जात होता. परंतु काउंटीच्या खेळाडूच्या पाठीशी डॉक्टर असतो, फिजिओथेरपिस्ट असतो, आहारतज्ज्ञ असतो. त्याला प्रवासखर्च मिळतो, सरकारकडून थोडे अनुदान मिळते, आणि 1999 मध्ये स्थापन झालेली गेलिक प्लेअर्स असोसिएशन ही त्याची स्वतःची संघटना त्याच्या बाजूने बोलते. तुमच्या सहकाऱ्याला यांतले काहीच नाही. उलट तो दरवर्षी क्लबची वर्गणी भरतो.

मग त्याचा आठवडा काउंटीच्या खेळाडूसारखा का दिसू लागला? कारण पद्धती वरून खाली झिरपतात. त्यांच्यासोबत यायला हवी असलेली व्यवस्था मात्र खाली येत नाही. काउंटीकडून खेळून आलेला खेळाडू क्लबमध्ये परततो, तेव्हा तेथल्या सवयी घेऊनच परततो. काउंटीचा माजी प्रशिक्षक एखाद्या क्लबचा मॅनेजर, म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक, होतो आणि आपले जुने वेळापत्रक तसेच्या तसे लावतो. शेजारच्या क्लबने तीन सराव सुरू केले की आपल्याला चार हवेसे वाटू लागतात, आणि त्या चौथ्या सरावाने संघ खरोखर सुधारला की नुसता थकला, हे कोणी तपासत नाही. त्यात क्लबांच्या स्पर्धेची शिडीही मोठी मोहक आहे. काउंटी जिंकली की प्रांत, प्रांत जिंकला की अखिल आयर्लंड. आणि ही शिडी केवळ वरिष्ठ गटालाच नव्हे, तर मध्यम आणि कनिष्ठ गटांतील क्लबांनाही खुली आहे (हे गट वयाचे नव्हेत, खेळाच्या दर्जाचे). गॉलवेतीलच कोरोफिन या खेडेगावाच्या क्लबने 2018, 2019 आणि 2020 अशी सलग तीन वर्षे अखिल आयर्लंड क्लब फुटबॉल स्पर्धा जिंकली. खेडेगावाला ते जमते, असे एकदा दिसले की आपल्या क्लबने निव्वळ मौजेसाठी खेळावे असे म्हणण्याचे धाडस फारसे कोणी करत नाही.

माझ्या मते मुख्य कारण याहून साधे आहे. ज्या वस्तूची किंमत मोजावी लागत नाही, ती वापरताना हात आखडत नाही. व्यावसायिक संघात जादा सरावाचा दिवस म्हणजे जादा खर्च असतो. येथे खेळाडूची संध्याकाळ फुकट मिळते, म्हणून ती आणखी एकदा मागायला मॅनेजरला संकोच वाटत नाही.

तुमचा सहकारी तरीही का जातो, ते तुम्ही त्यालाच विचारावे. बहुधा तो म्हणेल की संघातले निम्मे जण त्याचे शाळेपासूनचे मित्र आहेत, वडील याच जर्सीत खेळले, आणि एकदा बाहेर पडले की गावाशी असलेला रोजचा धागा तुटतो. आयरिश भाषेत ‘मेहेल’ असा एक शब्द आहे. शेतीच्या कामाला शेजाऱ्यांनी मिळून हात लावायचा, आपल्याकडच्या इर्जिकीसारखा. क्लबविषयी बोलताना तेथील लोक तो आवर्जून वापरतात. मात्र इर्जिकीचे काम सुगीपुरते असते, वर्षभराचे नसते, हे त्यांच्यापैकी कोणीतरी म्हणायला हवे.

प्रश्न : 2022 पासून तेथे ‘स्प्लिट सीझन’, म्हणजे काउंटी आणि क्लब यांचे वेगवेगळे हंगाम, लागू झाला आणि क्लबच्या खेळाडूंचा प्रश्न सुटला, असे वाचले होते. मग ही तक्रार कशी उरली?

उत्तर : एक प्रश्न सुटला आणि त्याच्या आडोशाला उभा असलेला दुसरा दिसू लागला.

2022 पूर्वी काउंटी आणि क्लब यांचे हंगाम एकमेकांत गुंतलेले होते. अखिल आयर्लंड अंतिम सामने परंपरेने सप्टेंबरमध्ये होत. क्लबची चॅम्पियनशिप, म्हणजे वर्षातली मुख्य स्पर्धा, एप्रिल-मेमध्ये एखादा सामना होऊन थांबे, आणि पुढचा सामना कधी, हे आपल्या काउंटीचा संघ स्पर्धेतून बाद कधी होतो यावर अवलंबून राही. काउंटी जितकी यशस्वी, तितका तिच्यातील क्लबचा खेळाडू अधांतरी! जुलैत लग्न ठरवावे की नाही, सुट्टीचे तिकीट काढावे की नाही, हे त्याला मार्चमध्ये सांगता येत नसे. 2018 मध्ये एप्रिल महिना क्लबांसाठी राखून पाहिला, पण त्याने फारसे साधले नाही. त्याआधीच, 2017 मध्ये, केवळ सामन्यांचे वेळापत्रक सुधारा या एका मागणीवर क्लब प्लेअर्स असोसिएशन उभी राहिली होती. 2020 मध्ये साथीच्या काळात नाइलाजाने आधी क्लबचे आणि नंतर काउंटीचे सामने घेतले गेले, आणि दोन हंगाम वेगळे ठेवणे शक्य आहे हे सर्वांना प्रत्यक्षच दिसले. 2021 च्या वार्षिक अधिवेशनात वेगळ्या हंगामांचा निर्णय झाला आणि आपले काम झाले असे मानून ती संघटना विसर्जित झाली. मागणी मान्य झाल्यावर स्वतःहून दुकान बंद करणारी संघटना विरळाच. तिला त्याचे श्रेय द्यायला हवे.

आता काउंटीचे अंतिम सामने जुलैत संपतात आणि पुढचे महिने क्लबचे असतात. काउंटीच्या खेळाडूचे वर्ष त्यामुळे दोन भागांत नीट वाटले गेले. परंतु जो केवळ क्लबचाच खेळाडू आहे, त्याची चॅम्पियनशिप उन्हाळ्याच्या उत्तरार्धात सुरू होत असली, तरी त्याचा सराव जानेवारीतच सुरू होतो. वसंतात तो काउंटीच्या खेळाडूंशिवाय लीगचे सामने खेळतो, मग महत्त्वाच्या सामन्यांची वाट पाहत सराव करतो, आणि संघ चांगला निघाला तर हिवाळ्यापर्यंत खेळत राहतो, कारण अखिल आयर्लंड क्लब अंतिम सामने आता जानेवारीत होतात. कॅलेंडर सुधारले, हे निश्चित. सुट्टी कधी घ्यावी हे त्याला आता ठरवता येते. आठवड्यात किती संध्याकाळी द्यायच्या, या प्रश्नाला मात्र स्प्लिट सीझनने हात लावलेला नाही. काउंटी संघांच्या सामूहिक सरावाला वर्षाअखेरीस बंदीचा काळ असतो. क्लबच्या आठवड्याला असे कुंपण नाही.

प्रश्न : मी क्रीडाशिक्षक आहे. खेळाडूंना पैसे दिले की सगळा गुंता सुटेल, असे मला वाटते. यात चूक काय?

उत्तर : द्यायचे कोणी आणि कशातून, येथे आपली सूचना अडते. क्रोक पार्कवरील सामन्यांचे उत्पन्न मोठे दिसते, पण त्याचा मोठा भाग काउंट्या, क्लब, मैदाने आणि लहान मुलांचे प्रशिक्षण यांकडे परत जातो. 2,200 क्लबांच्या खेळाडूंना त्यातून वेतन देऊ म्हटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला किरकोळ रक्कमच येईल. मूठभर काउंट्यांच्या मूठभर खेळाडूंना देता येईल. पण मग खेळाडू जेथे पैसा तेथे जातील, आणि पॅरिशसाठी खेळण्याची रीत, जिच्यावर ही सगळी इमारत उभी आहे, तीच ढासळेल. संस्थेच्या नियमांत हौशीपणाचे कलम आहे, आणि खेळाडूंची संघटनाही व्यावसायिक खेळाची मागणी करत नाही.

पैसा आलेला नाही असे मात्र नाही. तो खेळाडूंऐवजी मॅनेजरांकडे आला आहे. नियमानुसार मॅनेजरला प्रत्यक्ष झालेल्या खर्चापलीकडे काही देता येत नाही. तरीही बाहेरून आणलेल्या मॅनेजरांना आडमार्गाने रकमा दिल्या जातात, ही तेथे उघड गुपिताची गोष्ट आहे. संस्थेचे तत्कालीन महासंचालक पॉरिक डफी यांनी जानेवारी 2012 मध्ये याच विषयावर एक चर्चापत्र प्रसिद्ध केले होते, आणि 2024 मध्ये अध्यक्षपदी आलेले जार्लाथ बर्न्स यांनीही हा विषय पुन्हा उघडपणे मांडला. क्लबच्या खेळाडूच्या दृष्टीने यातला काच वेगळाच आहे. ज्याला दर सरावामागे काही मिळते, त्याला सराव कमी करण्यात कोणता रस असणार? आणि ज्याला हंगामासाठी आणले आहे, तो आपली किंमत सिद्ध करायला आठवडा भरूनच काढणार. खेळाडूच्या वेळेवर ज्याचा अधिकार चालतो, त्याच्या वेळेला मोल आहे आणि खेळाडूच्या वेळेला नाही, ही विषमता मला हौशीपणाच्या कलमापेक्षा अधिक खटकते.

प्रश्न : आम्ही कॉर्क येथे राहतो. माझा मुलगा 19 वर्षांचा आहे आणि घरापासून शंभरेक किलोमीटरवर विद्यापीठात पहिल्या वर्षाला आहे. तो क्लबकडून हर्लिंग आणि फुटबॉल दोन्ही खेळतो. शिवाय विद्यापीठाच्या संघातही आहे. बुधवारी तो दीड-दोन तास प्रवास करून सरावाला येतो आणि रात्री परत जातो. मांडीचा मागचा स्नायू एकदा दुखावून बरा झाला होता, तो पुन्हा दुखतो आहे. पण कोणत्याही प्रशिक्षकाला सांगायला तो तयार नाही. आम्ही या खेळात नवखे आहोत. आई म्हणून मी मध्ये पडावे का?

उत्तर : पडावे, पण प्रशिक्षकाला परस्पर फोन करून नव्हे. 19 वर्षांच्या मुलाला संघात त्यापेक्षा मोठी नामुष्की वाटणार नाही, आणि यापुढे तो दुखणे आपल्यापासूनही लपवील.

आपल्या मुलाची स्थिती तेथे अजिबात अपवादात्मक नाही. सगळ्यात जास्त मागण्या सगळ्यात लहान खेळाडूंवर येतात, कारण तेच एकाच वेळी अनेक संघांचे असतात. क्लबचा वयोगट, क्लबचा प्रौढ संघ, विद्यापीठ, आणि गुणी असेल तर काउंटीचा कुमार संघही. विद्यापीठांच्या सिगरसन कप (फुटबॉल) आणि फिट्झगिबन कप (हर्लिंग) या स्पर्धा ऐन हिवाळ्यात होतात, म्हणजे क्लबचा पूर्वतयारीचा सराव सुरू असतानाच. संस्थेला हे कळत नाही असे नाही. 2018 मध्ये काउंटीच्या कुमार गटाची वयोमर्यादा 18 वरून 17 वर आणली गेली, ती मुख्यतः शालान्त परीक्षेच्या वर्षातील मुलांवरचा भार हलका व्हावा म्हणून. मात्र 19-20 वर्षांच्या मुलाच्या सगळ्या सरावांची बेरीज करणारा माणूस आजही कोणी नसतो. प्रत्येक मॅनेजर आपल्यापुरते दोनच सराव मागतो, आणि आपापल्या जागी तो वाजवीच असतो. तीन वाजवी मॅनेजर मिळून मात्र एक अवाजवी आठवडा तयार होतो.

म्हणून पहिले काम बेरजेचे. मुलासोबत बसून चार आठवड्यांचा कागद करावा. त्यात सराव, सामने, व्यायामशाळा आणि प्रवासही लिहावा. गाडीत बसून काढलेले तीन-चार तास विश्रांती नव्हेत. दुखऱ्या मांडीला तर ते मुळीच मानवत नाहीत. हा कागद त्याने स्वतः क्लबच्या मॅनेजरला आणि विद्यापीठाच्या प्रशिक्षकाला दाखवावा आणि त्या दोघांनी एकमेकांशी बोलावे अशी विनंती करावी. बरेच मॅनेजर ऐकतात, कारण आपल्या खेळाडूचा आठवडा त्यांनी तोवर पूर्ण पाहिलेलाच नसतो. बाहेरगावी शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या खेळाडूंनी आठवड्यातला एक सराव आहे तेथेच करावा, ही सोय अनेक क्लब देतात; डब्लिनमध्ये नोकरी करणारे पश्चिमेकडील खेळाडू तसे करतात. ती मागण्यात कमीपणा नाही.

दुखापतीचा विषय याहून तातडीचा आहे. मांडीच्या मागच्या स्नायूची दुखापत ही गेलिक फुटबॉलमधील सर्वांत सामान्य दुखापत आहे, आणि ती एकदा झाली की पुन्हा होण्याचा धोका मोठा असतो. त्याने फिजिओथेरपिस्टला दाखवावे आणि परत कधी खेळायचे हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे, सामन्याच्या तारखेवरून नव्हे. संस्थेने सरावाआधी करायचा सुमारे 15 मिनिटांचा एक व्यायामक्रमही आखला आहे. त्याच्या क्लबमध्ये तो नियमित होतो का, हे विचारावे. खर्चासाठी संस्थेचा खेळाडू इजा निधी आहे, पण तो संपूर्ण विमा नव्हे. दुसरीकडून भरून न निघालेला वैद्यकीय खर्च ठराविक मर्यादेत त्यातून मिळू शकतो, आणि त्यासाठी क्लबकडे दुखापतीची नोंद वेळेत झालेली असावी लागते. दुखणे लपवणाऱ्या मुलाला नेमके हेच ठाऊक नसते.

दोन्ही खेळ चालू ठेवावेत का, हे आपण विचारलेले नाही, पण ते पुढे येईलच. कॉर्कमध्ये दोन्ही खेळांची परंपरा जुनी आहे आणि क्लबच्या पातळीवर दोन्ही खेळणारे आजही पुष्कळ आहेत. एक खेळ सोडण्यापेक्षा या वर्षापुरता एक संघ सोडणे बहुधा सोपे जाईल, आणि तो कोणता, हे त्यालाच ठरवू द्यावे.

प्रश्न : मी परिचारिका आहे आणि आमच्या गावच्या महिला फुटबॉल संघात अलीकडेच खेळू लागले. रात्रपाळीनंतर सरावाला न गेल्यास संघातून वगळले जाते. स्त्रियांच्या बाबतीत नियम वेगळे आहेत का?

उत्तर : नियमांपेक्षा संस्था वेगळ्या आहेत. कमोगी, म्हणजे स्त्रियांचे हर्लिंग, 1904 पासून स्वतंत्र संघटनेकडे आहे आणि महिला गेलिक फुटबॉल 1974 पासून दुसऱ्या संघटनेकडे. दोन्ही खेळणाऱ्या खेळाडूंचे सामने त्यामुळे एकाच दिवशी येण्याचे प्रसंग वारंवार घडतात. या दोन आणि जीएए अशा तिन्ही संघटनांच्या एकत्रीकरणाचे काम माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हाती घेतले असून त्यासाठी 2027 चे लक्ष्य ठेवले आहे.

पाळीची नोकरी करणाऱ्या खेळाडूची अडचण मात्र स्त्री-पुरुष दोघांची सारखीच आहे. वर उल्लेखिलेल्या अहवालात काउंटीच्या खेळाडूंत शिक्षकी पेशातील लोक लक्षणीय संख्येने आढळले, ते उगाच नव्हे. दुपारी मोकळे होणाऱ्या आणि उन्हाळ्यात सुट्टी असणाऱ्या माणसाला हा खेळ झेपतो. परिचारिका, पोलीस, शेतकरी यांना आधी तडजोड करावी लागते. आपल्या पाळ्यांचा तक्ता महिन्याच्या आरंभी मॅनेजरकडे द्यावा आणि उपस्थितीचा निकष पाळी लक्षात घेऊन लावावा, असे लेखी मागावे. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर त्या दिवशी दुपारी कळवलेली गैरहजेरी सबबीसारखी दिसते. तीच गोष्ट तीन आठवडे आधी सांगितली की नियोजन ठरते.

प्रश्न : मुलांमुळे मी आमच्या आयरिश क्लबच्या कार्यकारिणीवर आलो. पुढील हंगामासाठी बाहेरचा मॅनेजर आणण्याचा विचार चालू आहे. गेल्या वर्षी 34 जणांनी सराव सुरू केला आणि शेवटी 21 उरले. कार्यकारिणीने काय पाहावे?

उत्तर : गेलेल्या 13 जणांना आधी भेटावे. मॅनेजरची निवड त्यानंतर. त्यांतले काही सिडनीला किंवा बॉस्टनला गेले असतील, काहींना घरभाडे न परवडल्याने गाव सोडावे लागले असेल, आणि त्याबाबत क्लबला फार काही करता येणार नाही. परंतु जे त्याच गावात राहूनही येईनासे झाले, ते का येईनासे झाले, हे कार्यकारिणीने स्वतः विचारावे. मॅनेजरकरवी विचारू नये.

मॅनेजरशी बोलताना त्याने आधी कोणत्या चषकावर नाव कोरले हे विचारण्याऐवजी, त्याच्या आधीच्या संघात हंगामाच्या आरंभी किती खेळाडू होते आणि शेवटी किती, हे विचारावे. आठवड्यातील सरावांची कमाल संख्या, सरावाला प्रारंभ करण्याचा महिना आणि हंगामाच्या मध्यावरची किमान दोन आठवड्यांची पूर्ण सुट्टी, या तीन गोष्टी कार्यकारिणीने आधी ठरवून त्याच्या हाती द्याव्यात. त्या मान्य नसतील तर दुसरा उमेदवार पाहावा. त्याला खर्चापोटी काय दिले जाणार, तेही इतिवृत्तात नोंदवावे. क्लबच्या दुसऱ्या, दुय्यम संघाचे वेळापत्रक पहिल्या संघाच्या सोयीने बदलणार नाही, हेही तेव्हाच सांगून टाकावे, कारण आपल्या 13 जणांतले बहुतेक त्या दुसऱ्या संघातलेच निघतील, असा माझा अंदाज आहे.